पुन्हा आपल्या हाताने

रुग्ण बरा झाला, असे आपण केव्हा म्हणतो? ताप उतरला, जखम भरून आली, टाके निघाले आणि घरी जाण्याची परवानगी मिळाली, की घरची मंडळी देवापुढे साखर ठेवतात. परंतु पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेले एखादे गृहस्थ घरी परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सदऱ्याची गुंडी लावता येईना, वरणभाताचा घास तोंडापर्यंत नेता येईना, तर ते बरे झाले असे म्हणावे काय? रोग हटला, जीव वाचला, हे खरेच. पण उठणे, आंघोळ करणे, जेवणे, कामावर जाणे, नातवाला गोष्ट सांगत त्याच्या डोक्यावरून हात फिरवणे, ह्या साऱ्यांचा मिळून जो दिवस होतो तो त्यांना अजून परत मिळालेला नसतो. तो मिळवून देण्यासाठी वैद्यकाची जी शाखा झटते, तिला व्यवसायोपचार म्हणतात. आम्ही ह्या शाखेच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थिनी आहोत.

आम्ही चौघी. एक इंदूरची, एक बेळगावची, एक मडगावची आणि एक बडोद्याची. पदवी वेगवेगळ्या ठिकाणी घेतली आणि पुढच्या शिक्षणासाठी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात एकत्र आलो. चौघींच्याही घरी हे मासिक येते, म्हणून आमच्या अभ्यासाविषयी चार शब्द लिहावे असे ठरवले. आमच्याच नातलगांनी गेली काही वर्षे आम्हांला जे प्रश्न विचारले, त्यांचे एकदा नीट उत्तर द्यावे, हाही त्यात एक हेतू आहे.

नावाचा घोटाळा

पहिला प्रश्न नावाचाच. व्यवसाय म्हटले की आपल्याकडे धंदा किंवा नोकरी डोळ्यांपुढे येते. त्यामुळे कोणी विचारतात, "म्हणजे तुम्ही रुग्णांना नोकऱ्या लावून देता का?" दुसरे कोणी म्हणतात, "म्हणजे मालिशच ना?" आणि जाणकार म्हणवणारे सांगतात, "फिजिओथेरपीचाच हा एक प्रकार." तिन्ही उत्तरे चुकीची आहेत, पण आम्ही रागावत नाही. ह्या शास्त्रात व्यवसाय हा शब्द फार विस्तृत अर्थाने योजलेला आहे. माणूस ज्या ज्या कामांत आपला वेळ आणि मन गुंतवतो, ती सारी त्याचा व्यवसाय होत. दात घासणे हा व्यवसाय, पोळी लाटणे हा व्यवसाय, हिशेब लिहिणे, पूजा करणे, पत्ते खेळणे हेही व्यवसाय. तान्ह्या मुलाचा व्यवसाय खेळणे हा.

भौतिकोपचाराशी आमचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे. स्नायूंचे बळ, सांध्यांची हालचाल, तोल, चाल ह्यांवर त्यांचा भर. ते बळ आणि ती हालचाल रोजच्या कामात कशी उतरेल ह्यावर आमचा. खांदा किती अंश वर उचलला जातो हे आम्हीही मोजतो. पण आमचा पुढचा प्रश्न असा, की त्या खांद्याने बाईंना केस विंचरता येतात का? येत नसतील, तर व्यायाम वाढवायचा, की कंगव्याचा दांडा लांब करायचा, की दोन्ही? अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यात आमचा सारा दिवस जातो.

कमलाबाईंचा वारसा

ह्या शास्त्राची संघटित सुरुवात अमेरिकेत झाली. मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज ह्या गावी थोडी मंडळी जमली आणि त्यांनी ह्या उपचाराच्या प्रसारासाठी संस्था स्थापन केली. त्यांत मनोविकारतज्ज्ञ होते, वास्तुशिल्पी होते, हस्तकला शिकवणाऱ्या बाई होत्या. मनोरुग्णालयात नुसते बसवून ठेवलेल्या रुग्णाला हाताला काम आणि दिवसाला क्रम दिला तर त्याचे मन सावरते, हा त्यांचा अनुभव होता. पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांनी ह्या विचाराला मोठे कार्यक्षेत्र मिळवून दिले.

भारतात हे रोप लावले ते कमला निंबकर ह्यांनी. त्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी; विष्णु निंबकर ह्यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पुन्हा अमेरिकेस जाऊन ह्या शास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातील हे पहिले विद्यालय. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. फलटण येथील शाळेला कमलाबाईंचे नाव आहे, हे महाराष्ट्रातील पुष्कळांना ठाऊक असते. त्याच बाईंनी आमच्या शास्त्राचा पाया घातला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या काळी अशा विभागांत पोलिओ झालेल्या मुलांची गर्दी असे. लसीकरणाने ते चित्र पालटले; २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. आज आमच्यापुढे येतात ते पक्षाघाताचे रुग्ण, अपघातात मणका दुखावलेले तरुण, यंत्रात बोटे सापडलेले कामगार, भाजलेल्या स्त्रिया, मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेली किंवा स्वमग्न मुले, आणि मनाच्या आजाराने घराच्या कोपऱ्यात बसून राहिलेली माणसे.

दिवसाचा क्रम

पदवीच्या वर्षांत शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, मग अस्थिरोग, मज्जारोग, बालरोग, मनोविकार अशी चढती भाजणी असते. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या दालनातील वासाने जेवण जात नाही आणि दुसऱ्या वर्षापर्यंत हाताचे सर्व स्नायू झोपेतही म्हणता येऊ लागतात. पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा. त्यात कोणी मज्जासंस्थेचे विकार निवडते, कोणी बालविकास, कोणी हाताचे विकार, कोणी मानसिक आरोग्य. आम्हां चौघींचे विषय वेगळे आहेत, त्यामुळे रात्री खोलीवर जी चर्चा होते ती चार पुस्तकांच्या तोडीची असते.

सकाळी लवकर कक्षात फेरी. कोणाचा हात कालपेक्षा ताठरला आहे, कोणाच्या टाचेवर लाल चट्टा दिसतो आहे, हे पाहायचे. मणक्याला इजा झालेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली गेली नाही, तर ह्या चट्ट्याची जखम व्हायला वेळ लागत नाही. त्यानंतर दुपारपर्यंत बाह्यरुग्ण विभाग. एका बाकावर मालवणहून आलेले आजोबा, त्यांच्या शेजारी धारावीतला शिवणकामगार, पलीकडे लेकराला कडेवर घेऊन दोन गाड्या बदलून आलेली आई. दुपारी पदवीच्या मुलींना शिकवायचे, मग आमचे स्वतःचे पाठ, रुग्णाची माहिती गुरुजनांपुढे मांडणे, नव्या शोधनिबंधांची चिकित्सा. "हा उपचार का निवडलात?" असा प्रश्न विचारून सर जे गप्प बसतात, त्या अर्ध्या मिनिटात आमची खरी परीक्षा होते. 'पुस्तकात आहे' हे उत्तर तेथे चालत नाही. ह्या रुग्णासाठी तो का, हे सांगावे लागते.

मापनाची साधने पुष्कळ. सांध्याचा कोन मोजायला गोनिओमीटर, मुठीची पकड मोजायला डायनॅमोमीटर. माणूस रोजच्या व्यवहारात किती स्वतंत्र आहे हे मोजण्याच्या एका सुप्रसिद्ध पद्धतीत १८ बाबी असतात आणि प्रत्येकीला १ ते ७ गुण. परंतु ही मापे परदेशात घडली. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि तेथून उठणे ह्याला त्यांत स्वतंत्र रकाना नाही. आपल्याकडच्या माणसाला तर पंगतीत बसता येते की नाही, देवापुढे खाली बसता येते की नाही, हा मानाचा प्रश्न असतो. तेव्हा मापे वापरायची. पण त्यांच्या बाहेर काय राहिले तेही विचारायचे, ही शिस्त आम्हांला इथे लागली.

हाताला आधार देणाऱ्या साच्यांची खोली आमच्या आवडीची. विशिष्ट प्रकारचे प्लॅस्टिक ६० ते ७५ अंशांच्या गरम पाण्यात टाकले की ते मऊ पडते. टॉवेलवर टिपून, उष्णता सोसेल इतकी झाल्याची खात्री करून, रुग्णाच्या हातावर बसवायचे आणि ते थिजण्यापूर्वीच्या मोजक्या मिनिटांत मनगट आणि बोटे योग्य कोनात धरून ठेवायची. हाडाच्या उंचवट्यावर दाब आला तर तेथे जखम होते. कोन चुकला तर बोटे नको त्या स्थितीत आखडतात. हे प्लॅस्टिक महाग. म्हणून कागदावर आराखडा काढून, तो हातावर लावून पाहून मगच कात्री चालवायची. शिंप्याच्या दुकानात लहानपणी पाहिलेली काटकसर इथे उपयोगी पडते.

कृतीची फोड

आमच्या शास्त्राचा गाभा म्हणजे कृतीची फोड. आपण ज्याला एक काम म्हणतो, त्यात किती कामे दडलेली असतात हे ती करताना कळते. पोळीचेच पाहा. कणीक मळताना दोन्ही हात, खांदे आणि पाठ ह्यांचे बळ लागते. गोळा करताना बोटे आणि तळहात मिळून काम करतात. लाटण्यावर दोन्ही हातांचा दाब सारखा पडावा लागतो; एक हात दुबळा असेल तर पोळी एका बाजूला जाड राहते. तवा तापला की नाही हे त्वचेला कळावे लागते आणि उलटण्याची वेळ मनाने धरावी लागते. पक्षाघातानंतर दोन्ही हात एकत्र वापरायला शिकवण्यासाठी पोळी लाटण्याइतका चांगला व्यायाम आम्हांला क्वचितच सापडतो. बोटांच्या चिमटीसाठी गहू निवडणे, शेंगा सोलणे, वाती वळणे, फुलांचा हार करणे. मनगटासाठी ताक घुसळणे. नजर आणि हात ह्यांच्या मेळासाठी ठिपक्यांची रांगोळी. आमच्या आज्यांनी आयुष्यभर जे केले ते आम्ही पाठ्यपुस्तकाच्या भाषेत पुन्हा शिकलो.

मात्र कोणती कृती कोणाला द्यायची, हे रुग्णाकडूनच समजून घ्यावे लागते. आयुष्यात कधी स्वयंपाकघरात न गेलेल्या बँकेतल्या अधिकाऱ्यांपुढे शेंगांचे सूप ठेवले तर त्यांना ती चेष्टा वाटते. असे एक गृहस्थ आमच्याकडे तीन आठवडे येत होते. व्यायामात त्यांचे मन रमेना. मग कळले, की ते उत्तम बुद्धिबळ खेळत. डाव मांडला. सोंगट्या आधी मोठ्या, मग लहान. पट आधी जवळ, मग हात लांबवावा लागेल इतका दूर. जो हात व्यायामात पाच वेळा उचलताना ते थकत, तोच डावाच्या भरात कितीतरी वेळा उचलला जाऊ लागला. बरोबरीच्या रुग्णाशी खेळताना त्यांचे मौनही सुटले.

काही वेळा हात परत येत नाही, आणि ते सांगण्याचे धैर्यही आम्हांला शिकावे लागते. अशा वेळी काम बदलायचे नसते, कामाची रीत बदलायची. एका हाताने भाजी चिरायची तर विळी धोक्याची; त्याऐवजी फळीवर दोन स्वच्छ खिळे उलटे बसवले की बटाटा त्यांत रोवून सुरीने चिरता येतो. ताट सरकू नये म्हणून खाली ओले फडके. पकड कमी असेल तर चमच्याच्या दांड्यावर कापड गुंडाळून तो जाड करायचा. नाडीऐवजी इलॅस्टिक, गुंड्यांऐवजी चिकटपट्टी. ह्यांतील बहुतेक वस्तू चार-आठ रुपयांच्या किंवा घरातच असलेल्या. देशी संशोधनाची ही परंपरा जुनी आहे. १९६८ मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा ह्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांनी घडवलेला पाय जगभर गेला, तो अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, मांडी घालता येते म्हणून. रुग्णाचे घर पाहून उपचार ठरवावा, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण नाही.

सेवा आणि स्वावलंबन

आमच्या कामातील सर्वांत अवघड भाग स्नायूंचा नव्हे, मायेचा आहे. आपल्या घरांत आजाऱ्याची सेवा हा धर्म मानला जातो. सून सासऱ्यांना भरवते, मुलगा आंघोळ घालतो, बायको सदरा चढवते. शेजारीपाजारी त्यांचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. परंतु जो हात सहा महिने घासाला गेला नाही तो सातव्या महिन्यात आपणहून जात नाही. मेंदूला नव्या वाटा शोधायच्या असतील तर प्रयत्न करायला संधी मिळावी लागते, आणि ती संधीच आपण प्रेमापोटी काढून घेतो.

आम्ही एका आजोबांना पाहत होतो. वय सत्तरीच्या पुढे, डावी बाजू लुळी. ताटात डाव्या बाजूला वाढलेली भाजी ते तशीच टाकत आणि मग "आज भाजी का नाही?" असे विचारत. घरच्यांना वाटे, म्हातारपणी हट्टी झाले. वस्तुतः मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कधीकधी डाव्या बाजूचे जगच ध्यानात येईनासे होते. डोळे चांगले असतात, पण लक्ष तिकडे वळत नाही. हे समजावून सांगितल्यावर घरातील सूर एकदम निवळला. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावली, आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची असा नियम केला. पुढचा प्रश्न भरवण्याचा. आजी म्हणाल्या, "अहो, त्यांच्या अंगावर सांडतं, मला बघवत नाही." आम्ही म्हणालो, "आजी, तुम्ही शेजारी बसा, पण हात मांडीखाली ठेवा." पहिले दहा दिवस निम्मे जेवण पंचावर गेले. आजींनी डोळे पुसले, पण हात मांडीखालीच ठेवले. महिन्याभराने आजोबा ताट संपवून "डावीकडं काही राहिलं नाही ना?" असे स्वतःच विचारू लागले. त्यांची डावी बाजू अजून दुबळीच आहे. पण जेवणाची वेळ झाली की ते आता दुसऱ्याची वाट पाहत नाहीत.

हात मांडीखाली ठेवण्याची ही शिस्त आम्हांलाही तितकीच अवघड गेली. समोरचा माणूस एक गुंडी लावायला चार मिनिटे झगडत असताना आपले हात आपोआप पुढे होतात. ते मागे घेणे, आणि तरीही तो पडणार नाही, खचणार नाही इतक्या जवळ उभे राहणे, हेच दोन वर्षांतले आमचे मुख्य शिक्षण असे म्हणता येईल.

"नुसते खेळवता?"

बालविभागात वेगळीच कसोटी. तेथे झोपाळे आहेत, चेंडू आहेत, वाळूची आणि डाळींची घमेली आहेत. नवे पालक काही दिवस पाहतात आणि मग हळूच विचारतात, "बाई, नुसते खेळवता, उपचार केव्हा सुरू करणार?" त्यांचे चुकत नाही. एखाद्या मुलाला मऊ सदऱ्याचीही शिवण काट्यासारखी टोचते, मिक्सरच्या आवाजाने ते कानावर हात ठेवून किंचाळते, तर दुसरे सतत आदळत-आपटत राहते. शरीराकडून येणाऱ्या संवेदनांची मेंदूत नीट जुळणी होत नसेल तर वागणे आणि शिकणे दोन्ही अडखळते, असा विचार जीन एअर्स ह्या अमेरिकन विदुषींनी मांडला आणि त्यावर उपचाराची एक पद्धती उभारली. झोपाळ्याचा वेग, दिशा, त्यावर बसण्याची रीत ही सारी मोजूनमापून ठरवलेली असते. मुलाला मात्र तो खेळच वाटला पाहिजे. तो उपचार वाटू लागला की मूल अंग चोरते. आईला हे समजले, की घरी कणकेचा गोळा, पाण्याची बादली आणि उशांचा डोंगर हीच तिची साधने होतात.

मनोविकार विभागात साधने आणखी साधी. कित्येक महिने अंथरुणातून न उठलेल्या तरुणाला आम्ही प्रथम फक्त एक काम देतो: सकाळी सात वाजता कुंडीला पाणी घालणे. ते आठवडाभर जमले की दुसरे. औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात आणि ती बंद करू नयेत. पण औषधाने हलका झालेला दिवस कशाने भरायचा, हे ठरवायला सोबत लागते.

प्रबंधाचे दिवस

दुसऱ्या वर्षी प्रबंध. विषय निवडायचा, आराखडा करायचा, नैतिकता समितीची संमती घ्यायची, प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून लेखी परवानगी घ्यायची, आणि मग ठरलेल्या संख्येइतके रुग्ण मिळेपर्यंत वाट पाहायची. रुग्ण येतात, पण टिकत नाहीत. आठ आठवड्यांच्या उपचारातून तिसऱ्याच आठवड्यात कोणी नाहीसे होते. दूरध्वनी केला की कळते: येण्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, आणि बरोबर येणाऱ्या मुलाचीही मजुरी. कोणी गावी गेलेले असते. आमच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'गळले' असे लिहिले जाते. हा शब्द लिहिताना बरे वाटत नाही. म्हणून चौघींनीही ठरवले, की पहिल्याच भेटीत घरी करण्याजोग्या कृती, चित्रांसह, एका कागदावर लिहून द्यायच्या. पुन्हा भेट झाली नाही तरी कागद घरी राहील.

दुसरी खंत उशिराची. पुष्कळदा रुग्ण आमच्याकडे येतो तो सर्व उपाय संपल्यावर, बोटे आखडून मूठ मिटल्यावर. एका ठिकाणी तर आमचा विभाग तळघराच्या टोकाला होता. रुग्णांना तो सापडेपर्यंत बाह्यरुग्णांची वेळ संपे. पहिल्याच आठवड्यात पाठवले असते तर हात वाचला असता, असे अनेकदा वाटते.

पैशाचेही सांगितले पाहिजे. विद्यावेतन संस्थेगणिक वेगळे. काही ठिकाणी मुळीच नाही. मुंबईतील खोलीचे भाडे, खानावळ, आगगाडीचा पास, प्रबंधाची छपाई, असा हिशेब मांडला की महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर आमची रात्रीची खिचडी पातळ होऊ लागते. त्यातच गावाहून मावशींचा दूरध्वनी: "अजून शिकतेच आहेस? मग लग्नाचं काय?" ह्या प्रश्नावर शास्त्रात अद्याप उपचार नाही.

आपल्या मराठीचा उपयोग

मुंबईत आल्यावर पहिले काही आठवडे आमच्या बोलण्याला सगळे हसत. इंदूरची म्हणे, "मला भूक लागून राहिली आहे", बेळगावची विचारी, "काय करालाय?", बडोद्याच्या मराठीत गुजराती हेल, आणि मडगावची रागावली की सरळ कोंकणीवर जाई. पण रुग्णकक्षात हेच धन ठरले. उत्तर प्रदेशातून आलेला कामगार इंदूरकरणीपाशी मोकळा होतो. कच्छी आजी बडोदेकरणीशिवाय कोणाला हात लावू देत नाही. सीमाभागातील कानडी बोलणारी आई बेळगावकरणीला सोडत नाही. मालवणी आजोबा मडगावच्या मुलीला "चेडवा" म्हणून हाक मारतात. आमच्या उपचारात रुग्णाची दिनचर्या, घर, सवयी, भीती हे सारे त्याच्या तोंडून ऐकावे लागते. दोन-तीन भाषांत वाढलेल्या मुलामुलींनी ह्या शास्त्राकडे यावे, असे आम्हांला वाटते त्याचे हे मुख्य कारण.

पुढे काय?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेल्यांना हा मार्ग खुला आहे. महाराष्ट्रात प्रवेश 'नीट' परीक्षेतील गुणांवर होतो. आंतरवासितेसह पदवी साडेचार ते पाच वर्षांची. मुंबई-नागपूरखेरीज मणिपाल, वेल्लोर, कटकजवळील ओलटपूर, कोलकाता, दिल्ली येथेही शिक्षणाची सोय आहे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात आमच्या व्यवसायाचा समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केल्यापासून शाळांत आणि पुनर्वसन केंद्रांतही आमची गरज वाढली आहे.

अमेरिकेची वाट अर्थातच आहे. तेथे ह्या व्यवसायात शिरायला पदव्युत्तर पातळीचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा लागते. वेतन इथल्यापेक्षा कितीतरी अधिक. आमच्या पुढच्या तुकड्यांतील कित्येकजणी गेल्या आणि त्यांना दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही. आमच्यातील एकीचाही तोच विचार आहे. तिच्या वडिलांवर तिच्या शिक्षणाचे कर्ज आहे. बाकी तिघींचे मन आपापल्या गावी ओढते. तेथे पक्षाघात झालेल्या माणसाला आज औषध मिळते, व्यायामही मिळतो, पण त्याचे स्नानघर पाहायला आणि त्याच्या ताटापाशी बसायला बहुधा कोणी नसते. गावात जाऊन विभाग उभा करायचा तर डॉक्टरांना हे शास्त्र समजावण्यापासून आरंभ. पहिली दोन-तीन वर्षे कमाई बेताची राहील. आमच्या घरच्यांनी तेवढा धीर धरावा, अशी त्यांना ह्या पानांवरूनच विनंती.

घरच्या मंडळींसाठी

लेख संपवण्यापूर्वी, ज्यांच्या घरी पक्षाघाताचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी थोडे उपयोगाचे. रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये. खांद्याचा सांधा निसटतो आणि मग वेदना दीर्घकाळ पिच्छा सोडत नाही. धड किंवा कमरेचा पट्टा धरून आधार द्यावा. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत, मग चांगला. काढताना आधी चांगला, मग लुळा. लुळा हात मांडीवरून लोंबकळत ठेवू नये, उशीवर ठेवावा. शौचालयाशी धरायला भक्कम दांडा आणि बसायला भोकाचे स्टूल, एवढ्याने कित्येक पडझडी टळतात. उंबरठा अडत असेल तर तेथे उतरती फळी बसवावी. आणि रोजचे एक तरी काम, मग ते शेंगा सोलण्याचे असो वा देवापुढे उदबत्ती लावण्याचे, त्यांच्यासाठी राखून ठेवावे. वेळ लागला तरी मध्ये हात घालू नये. काही शंका असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात व्यवसायोपचाराचा विभाग आहे का, ह्याची चौकशी पहिल्याच आठवड्यात करावी.

आमची अंतिम परीक्षा तोंडावर आली आहे. ती आटोपली की आपापल्या गावी येऊ, तेव्हा भेटलात तर "नेमके काय शिकलात?" एवढे मात्र आता विचारू नका.